दोन सूत जास्तीचा कागद

८ जानेवारी

लेकीने नव्या वर्षाला ही वही दिली. म्हणाली, बाबा, मनात येईल ते लिहून टाकत जा, डोकं थंड राहतं. मी म्हटलं, माझं डोकं थंडच आहे. त्यावर मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. आठवडाभर वही तशीच पडली होती. आज उघडली, कारण आजची गोष्ट मी एरवी बायकोला सांगितली असती आणि आजची गोष्ट बायकोचीच आहे.

आमच्या कारखान्यात धातूची जहाजं बनतात. खरी नव्हेत, काचेच्या पेटीत ठेवायची. चाळीस वर्षं मी तिथे पत्रा ठोकतोय. यंदा मोठं काम आलंय. पलीकडच्या किनाऱ्याला माणसं ने-आण करणारी जुनी बोट साठ वर्षांनी मोडीत निघाली. तिच्या पोटातल्या तांब्याच्या मोठ्या नळ्या चिरून, सपाट करून आठ पत्रे केलेत आणि त्याच तांब्यातून तिची सहा फुटी प्रतिकृती करायची आहे. आठ म्हणजे आठच. एक बिघडला तर नववा द्यायला ती बोट परत जन्माला येणार नाही.

एरवी मी पत्रा ऐसपैस घेतो, नजरेने ठोकतो आणि लाकडी सांगाड्यावर बसला की कडेचं जास्तीचं छाटून टाकतो. मालक म्हणाले, या वेळी छाटायला काही उरणार नाही. आधी अख्खं जहाज कागदाचं करा, ते नीट बसलं की त्यावरून कागद कापा आणि तो कागद पत्र्यावर ठेवून पत्रा कापा. त्यासाठी नकाशेवाला आणलाय. पस्तिशीचा, गुळगुळीत दाढीचा, मला काका म्हणतो. त्याने संगणकावरून कागद काढले. दोन्ही बाजूंच्या कुशीला मस्त बसले. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या नाकाशी, बोंब. तिथे आकार उभाही वळतो आणि आडवाही, आणि कागद एका वेळी एकीकडेच वळतो. दुसरीकडे ओढला की चुरगळतो. मी हसू दाबून बघत उभा होतो.

चुरगळलेला कागद गंमत म्हणून घरी आणला. आमची ही सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापणीला होती. भाजी चिरता चिरता तिने कागद उलटासुलटा केला आणि म्हणाली, याला टक हवेत, ब्लाउजला घालतात तसे. हात पुसले, कात्री घेतली, चार चिरा दिल्या, दोन ठिकाणी कागदावर कागद चढवून चिकटपट्टी लावली. पाच मिनिटांत जहाजाचं नाक जेवणाच्या टेबलावर. उद्या नेऊन नकाशेवाल्याला दाखवणार आहे. म्हणावं, तुझ्या संगणकापेक्षा माझी बायको बरी.

९ जानेवारी

विनाशकाले विपरीत बुद्धी. नकाशेवाल्याने ते नाक हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघितलं. मग मालकांना बोलावून आणलं. मग म्हणाला, काका, यांना उद्यापासून आणता येईल का?

१५ जानेवारी

ती येते. माझ्याच बरोबर, माझ्याच डब्यातली अर्धी जागा घेऊन. तिला खिडकीपाशी टेबल दिलंय. मला खिडकी मागून अकरा वर्षं झाली.

आज नकाशेवाल्याने तिला विचारलं, बाई, कागदाचं कळलं, पण चिरलेल्या कागदाचा पत्रा कसा होणार? ती म्हणाली, "सोपं आहे. चीर फाकेल तिथे यांनी ठोकून वाढवायचं. कागद कागदावर चढेल तिथे आवळून घ्यायचं." नकाशेवाल्याने ते वहीत लिहून घेतलं. मी चाळीस वर्षं हेच करतोय, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. मी बोलायला गेलो की माझं वाक्य लांबतं आणि माणसं घड्याळ बघतात.

२३ जानेवारी

चहा. नकाशेवाला स्वतः आणून देतो. आधी तिला, मग मला. तिच्या कपाखाली बशी असते.

हे लिहिताना मलाच लाज वाटली, पण बशी असते हे खरं आहे.

२ फेब्रुवारी

तिने नवीन खूळ काढलंय. तांब्याच्या टाकाऊ पत्र्याच्या नऊ नऊ इंचांच्या पट्ट्या माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, नाळेसारखी वळवून द्या. मी ठोकून देतो. ती पट्टी घेऊन खिडकीशी जाते, फीत लावते, छोट्या वहीत काही टिपते. काय टिपतेस विचारलं तर म्हणे, असंच. मी जवळ गेलो की वही पदराआड. आज मी जेवायच्या सुट्टीनंतर जरा उशिरा परतलो, तर नकाशेवाला त्या पट्ट्या हातात घेऊन बघत होता. मला बघून ठेवून दिल्या.

मी दूधखुळा नाही. माझ्या हातात काय खोट आहे ते शोधणं चाललंय. शोधा म्हणावं. माझ्या हाताखाली पत्रा जेवढ्यास तेवढा राहतो. इथे वाढवला तेवढाच तिथे आवळतो. गुंजभर इकडे नाही, गुंजभर तिकडे नाही. मालक नव्या माणसांना सांगतात, पत्रा शिकायचा तर काकांचा हात बघा.

११ फेब्रुवारी

मालकांनी सांगितलं, जहाजाखाली पितळी पाटी लागणार आणि पाटीवर कारागिराचं नाव. आजवर एकाही जहाजावर माझं नाव लागलेलं नाही. कारखान्याचं लागतं. मी म्हटलं, कशाला उगीच, आणि छाती इतकी भरून आली की सुपारी तोंडात तशीच राहिली.

तेवढ्यात नकाशेवाला म्हणाला, "मग बाईंचंही हवं." मालक म्हणाले, हो की, खरंच. तीही म्हणाली, कशाला उगीच. अगदी माझ्यासारखंच म्हणाली.

घरी येताना मी बोललो नाही. घरी आल्यावर बोललो. चिंध्या कापणं निराळं आणि तांबं वाकवणं निराळं, असं म्हणालो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी पुरी केली आणि पुढचा कपडा उचलला. सव्वीस वर्षं तिच्या कामाला मी चिंध्याच म्हणत आलोय, पण पूर्वी आम्ही दोघंही त्यावर हसायचो.

१ मार्च

कागदाचं जहाज पुरं झालं. खाकी जाड कागद, सांगाड्यावर ताणून बसलेला, कुठे सुरकुती नाही. सगळा कारखाना हातातलं टाकून भोवती जमला. खोटं कशाला लिहू, सुंदर झालंय. मी मागच्या रांगेतून बघितलं. कुणीतरी म्हणालं, आता काय, काकांना नुसतं ठोकायचंच राहिलं. सगळे हसले, मीही हसलो, आणि दुपारभर एकाच खिळ्यावर मारत बसलो.

४ मार्च

आज एक गोष्ट सापडली. कुणालाही सांगितलेली नाही.

जहाजावर बसलेला कागद वेगळा आणि पत्र्यावर ठेवून कापायचा कागद वेगळा. दुसरा तिने पहिल्यावरून काढलाय, डावा एक, उजवा एक. जेवायच्या आधी ती पाणी आणायला गेली होती तेव्हा मी नाळेचा डावा कागद सहज कागदी जहाजावर लावून बघितला. नाळेच्या कडेला दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर येतोय. पुन्हा लावला. दोन सूत जास्त. उजवाही लावला, तोही तसाच.

मग लक्षात आलं. कापडाची सवय. शिवणीसाठी माया सोडतात तशी तिने सोडली आहे, जणू तांबं मशीनवर घालून शिवायचंय. एवढी हुशार बाई आणि इतकी शाळकरी चूक.

मनात उकळ्या फुटत होत्या. तिला सांगावं असं एकदा वाटलं. ती समोर येऊन बसली, डब्यातलं माझं आवडतं तिने माझ्याच बाजूला सरकवलं, तेव्हाही वाटलं. नाही सांगितलं. मी ठरवलंय, पत्रा कापताना दोन सूत आत कापायचा. पत्रा चपखल बसला की सगळ्यांसमोर तिचा कागद त्यावर ठेवायचा आणि एवढंच म्हणायचं, बघा, हा कागद असता तर काय झालं असतं. वाईट शब्द एक नाही वापरायचा.

६ मार्च

डावा कापला. दोन सूत आत. नकाशेवाला शेजारी उभा राहिला होता, त्याला पितळी खिळे आणायला पाठवलं. ती खिडकीशी पिछाडीचे कागद काढत होती.

९ मार्च

तीन दिवस ठोकला. तापवायचा, मऊ करायचा, ठोकायचा, परत तापवायचा. वळण असं उतरलं की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. आज दुपारी सगळ्यांना बोलावून सांगाड्यावर चढवला.

नाळेपाशी फट. वरपासून खालपर्यंत दोन सूत. आतलं लाकूड दिसत होतं.

मालकांनी फटीतून बोट फिरवलं. आठांतल्या सगळ्यात मोठ्या दोन पत्र्यांपैकी एक. नकाशेवाला म्हणाला, काका तर रेघेवर कापतात, म्हणजे कागदच कमी असणार, बघू तो कागद. कागद माझ्या टेबलावर होता. ती पुढे आली, कागद उचलला, एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकला.

"माझंच मोजायला चुकलं," ती म्हणाली. "काकांचा काही दोष नाही."

मला काका म्हणाली. मालक म्हणाले, बाई, चार दिवस घरी विश्रांती घ्या. ते सौम्यच बोलले. तिने चष्मा डबीत ठेवला, कात्री फडक्यात गुंडाळली आणि गेली.

मी विचार करतोय. कागद दोन सूत जास्त होता, मी दोन सूत कमी केला, म्हणजे बरोबर केला. तरी कमी पडला. तर मग तिचं मुळातच आणखी कुठे तरी चुकलं असणार. ती स्वतःच कबूल झाली की. उगीच कुणी कबूल होतं का?

१० मार्च

टेबल रिकामं आहे. नकाशेवाला चहा आणतो आणि मला देतो. आज बशी होती. अर्धा कप तसाच राहिला.

१२ मार्च

मालक म्हणाले, उजवा पत्रा तुम्हीच बघा, तुमच्या पद्धतीने करा. माझ्या पद्धतीला कडेला चार बोटं जास्तीची लागतात, आणि त्या पत्र्यात चार सूतही नाहीत. दिवसभर पत्रा पुढ्यात घेऊन बसलो. चाळीस वर्षांत पत्र्याला हात लावायची भीती वाटली नव्हती.

घरी जेवण जाईना. तिने विचारलं नाही. ताटं उचलल्यावर कपाटातून उजवा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तो तिने कधी घरी आणला कुणास ठाऊक.

"रेघेवर कापा," म्हणाली. "आत नको, बाहेर नको."

म्हणजे तिला माहीत आहे. पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

१६ मार्च

रेघेवर कापला. तिच्यावर विश्वास होता म्हणून नाही, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. तसाच ठोकला, रोजच्या हाताने. आज चढवला. नाळेशी असा बसला की नखसुद्धा जाईना.

तिचा कागद त्यावर ठेवून बघितला, दोन सूत बाहेर.

कागद जास्त नव्हताच. आवळताना पत्रा आत येतो, आणि माझ्या हाताखाली तो दोन सूत येतो. कायम येत असणार. चाळीस वर्षं मी ठोकून झाल्यावर कडा छाटत आलो, मग किती आत आला हे कळणार कुठून. जेवढ्यास तेवढा म्हणे.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती गॅलरीत कपडे काढत होती. चपला पायात असतानाच विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, पट्ट्यांवरून. नऊ इंची पट्टी तुमच्या हाताखालून आली की दरवेळी कमी भरायची. बत्तीस पट्ट्या मोजल्या.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हात राखून मारला असता. मला तुमचा रोजचा हात हवा होता."

मग मी ते विचारलं जे विचारायचं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर चूक स्वतःवर का घेतलीस? तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, सवयीने, आणि आम्ही दोघं घडी घालायला लागलो.

"माझं नाव गेलं तर मी घरी येऊन बसेन," म्हणाली. "तुमचं गेलं तर तुम्ही कुठे बसणार?"

मी बरं म्हणणार होतो, तोच ती थांबली. चादर हातातून सोडून दिली. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता, मोठा नाही, पण कोरडा. म्हणाली, पत्रा तुम्ही आत कापलात त्याचं मला काही नाही. माणूस जळतो. मीही तुमच्या कौतुकावर खूप वर्षं जळलेय, तुम्हाला पत्ताही नव्हता. "पण मी चुकलं म्हणाले आणि तुम्ही तिथे नुसते उभे राहिलात."

चादर अर्धी माझ्या हातात, अर्धी जमिनीवर. मला तिथेही नुसतंच उभं राहता आलं.

१७ मार्च

सकाळी मालकांच्या खोलीत गेलो, मग वाटलं दार लावून सांगणं म्हणजे न सांगणंच. बाहेर आलो आणि सगळ्यांपुढे सांगितलं. कागद बरोबर होता. मी पत्रा दोन सूत आत कापला. कागद चुकलाय असं समजून कापला, पण बोललो नाही, कारण मला तिला खाली बघायला लावायचं होतं. या वेळी माझं वाक्य लांबलं नाही.

मालक डाव्या पत्र्यापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "पाटीवर कुणाचंच नाव नको. कारखान्याचं घाला." नकाशेवाला माझ्याकडे बघेना. माझ्यामुळे तिचंही नाव गेलं, हे मी आधी धरलंच नव्हतं. कबुली दिली की आपलंच काय जायचं ते जाईल, असं वाटत होतं.

१८ मार्च

मालकांनी तिला फोन करून माफी मागितली आणि परत या म्हणाले. ती म्हणाली, विचार करते.

रात्रीच्या जेवणाला बसताना मला म्हणाली, येईन, पण एका अटीवर. यापुढे तुमच्या हातात जे दिसेल ते मी तिथेच बोलणार, चारचौघांत. घरी आणून झाकणार नाही आणि वहीत लपवणार नाही. चालेल का? मी म्हटलं, चालेल. म्हणाली, नीट विचार करून सांगा. मी विचार केला. मला नाही चालणार असं वाटलं. तरी चालेल म्हणालो.

२४ मार्च

डाव्या फटीत तिने सुचवल्याप्रमाणे तांब्याची पट्टी बसवली आणि डाग देऊन सांधली. जोड दिसतो. घासून घासून पुसट झाला, पण दिसतो. नकाशेवाला म्हणाला, ती बाजू भिंतीकडे करून ठेवता येईल. ती म्हणाली, काकांना विचारा. मी म्हटलं, दाराकडे ठेवा. म्हटल्यावर तासभर पश्चात्ताप झाला. आतून वाटत होतं, त्यांनी भिंतीकडेच ठेवावी.

ती अजून मला काकाच म्हणते. घरी काहीच म्हणत नाही.

७ एप्रिल

पिछाडीचे पत्रे. नाळेपेक्षा अवघड. तिथे वळण आत शिरतं आणि परत बाहेर येतं. तिने कागद दिला. मोजपट्टी माझ्या खिशात होती. कागदी जहाज दोन हातांवर होतं. मी लावून बघितला नाही. बघावंसं वाटलं, फार वाटलं.

कापायच्या आधी तिने पुन्हा तीन पट्ट्या ठोकायला दिल्या. मी ठोकल्या. ती फीत लावत होती, नकाशेवाला पलीकडे होता, मालक दारात कुणाशी तरी बोलत होते, बाकी सगळे आपापल्या कामात पण कान इकडे. तिने तिन्ही पट्ट्या दोनदा मोजल्या. चष्मा वर सरकवला.

"अहो," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. महिनाभरात पहिल्यांदा अहो म्हणाली. "हात हलका पडायला लागलाय तुमचा. फेब्रुवारीत दोन सूत ओढत होता. आता दीडच ओढतो."

ठोकाठोकी थांबली. नकाशेवाल्याने मान खाली घातली. मला एकसष्टावं लागलंय. सकाळी ठोकायची मोगरी उचलताना खांदा बोलतो हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, या वहीतसुद्धा नाही. राग आला. अगदी खरा राग आला, कानापर्यंत. अट मी कबूल केली होती म्हणून काही तो कमी झाला नाही. तिच्याकडे बघितलं. ती डोळे चुकवत नव्हती.

मी म्हटलं, "मग कागद अर्धा सूत आत घे."

तिने पेन्सिल घेतली आणि रेघ आत ओढली.